हेल्गाला मधोमध पेरलं त्याची हकिगत

आमच्या शेतावर आता माझ्या मालकीचं काहीही नाही. एकशेऐंशी हेक्टर जमीन, दोन ट्रॅक्टर, कोठारं, मोठं घर, सगळं मी बारा वर्षांपूर्वी रीतसर माझ्या मुलाच्या, हेनिंगच्या नावावर करून दिलं आणि अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायला गेले. उत्तर जर्मनीतल्या आम्हा होल्स्टाइनच्या शेतकऱ्यांत हीच पद्धत आहे. म्हाताऱ्यांनी मोठं घर सोडायचं आणि त्याबदल्यात आपल्याला काय काय मिळालं पाहिजे ते नोटरीपुढे बसून लिहून घ्यायचं. पोटच्या पोराकडून लिहून घेता, म्हणून शहरातले लोक हसतात. हसू देत. माझ्या करारात आठवड्याला वीस अंडी आहेत, हिवाळाभर पुरेल इतकं सरपण आहे, तळघर भरून बटाटे आहेत आणि रविवारी चर्चला गाडीने नेऊन आणणं आहे. शिवाय सातवं कलम आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या तीन हेक्टरांत काय पेरायचं आणि कोणत्या वाणाचं, हे मी जिवंत आहे तोवर मी ठरवणार.

अंड्यांवरून आमच्यात कधी शब्द झाला नाही. सातव्या कलमावरून दरवर्षी होतो.

हे कलम मी का घातलं ते सांगते. एकोणिसशे एकोणसत्तर साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथलं वाण सासूबाई निवडत. त्यांचं नाव हेल्गा. आमच्याकडे हिवाळ्याआधी पेरायचं मुख्य पीक म्हणजे राप्स, मोहरीच्या घराण्यातली तेलबी. मे महिन्यात समुद्रापर्यंत सगळा मुलूख पिवळाधमक होतो तो तिच्यामुळे. हेल्गाबाई बी तळहातावर घेत, अंगठ्याने चोळत, हुंगत आणि जेवणाच्या टेबलावर निकाल सांगत. आमचे हे मान हलवत. मी सूप वाढत असे. सत्तावीस वर्षं मी सूप वाढलं.

त्यात एकदा, अठ्ठ्याहत्तर साली, मला ठाऊक होतं की बाईंनी निवडलेलं वाण थंडीला कच्चं आहे. मी वाचलं होतं. बोलले नाही. त्या डिसेंबरात दुपारी पाऊस होता आणि संध्याकाळी सगळं गोठलं, आणि मग जो बर्फ पडला त्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. वसंतात शेत उघडं पडलं तेव्हा हिरवं पान शोधून सापडेना. तेव्हा कुठे मी वाचलेलं सांगितलं. हेल्गाबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "ठाऊक होतं तर बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत."

त्यावर त्यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला आणि पुढची अठरा वर्षं काहीही विचारलं नाही.

तर गेल्याच्या गेल्या जूनमध्ये हेनिंग जेवताना म्हणाला, "आई, तीन हेक्टरांसाठी वेगळं बी, वेगळी पेरणी, वेगळी कापणी. पुरे झालं हे. ते सातवं कलम खोडून टाकू."

माझी सून विब्के समोर बसून पांढऱ्या अस्पॅरॅगसच्या कांड्या सोलत होती. शेताचे सगळे कागद ती सांभाळते, वाणांच्या चाचण्यांचे तक्ते कॉम्प्युटरवर रात्रंदिवस वाचते आणि हेनिंग तिला त्यातलं काहीही विचारत नाही. तो विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेतला पहिला फोटो बघून वाण निवडतो.

"माझं राप्स तुझ्यापेक्षा चांगलं आलं तर?" मी विचारलं.

हेनिंग हसला. वडिलांसारखं हसतो, म्हणजे एकाच बाजूने. "तुझ्या तीन हेक्टरांचा हेक्टरी उतारा माझ्यापेक्षा जास्त आला तर त्याच्या पुढच्या पेरणीला माझ्या राप्सच्या साठच्या साठ हेक्टरांत तू म्हणशील ते वाण. कमी आला तर कलम खोडायचं. मान्य?"

मान्य. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्या गालांना अशी ऊब आली की मी विब्केकडून सोलायची सुरी मागून घेतली आणि उरलेल्या कांड्या स्वतः सोलल्या.

दुसऱ्याच आठवड्यात चाचणी-शेताचा दिवस होता. त्या दिवशी एका मोठ्या शेतात पन्नास-साठ वाणं छोट्या छोट्या तुकड्यांत उभी असतात, प्रत्येकासमोर नावाची पाटी असते आणि टोकाला सॉसेज भाजत असतात. लोक समुद्रावर जातात, मी इथे जाते. काय त्या पाट्या. फिलोमेना, काप्टेन, ग्लोरिओसा. पाट्या वाचतच मी शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत आले.

काप्टेनसमोर आमचा शेजारी देतलेफ उभा होता. देतलेफ गावच्या अग्निशमन मंडळाचा अध्यक्ष आहे आणि कोणत्याही विषयावर त्याचं मत आधीच तयार असतं.

"मोइन, टेल्झे," त्याने आमच्याकडचा नमस्कार केला. "फुलाकडे बघू नकोस, खोडाकडे बघ. हे बघ, हलवून बघ. जूनच्या वादळात बाकीचे लोळतील, काप्टेन उभा राहील."

"तुझं गेल्या वर्षीचं राप्स लोळलं होतं ते कोणतं?"

"ते मी पेरलं नव्हतं. ते माझ्या जावयाने पेरलं होतं." त्याने पिशवी काढली. "घे, किलोभर आहे, तुझ्यासाठीच ठेवलंय."

राप्सचं बी खसखशीसारखं असतं. किलोभरात चांगला लांब पट्टा होतो. मी पिशवी घेतली, तेवढ्यात मधमाश्या पाळणारी इर्मगार्ड आली.

"अगं, त्याचं काय ऐकतेस? काप्टेन दहा दिवसांत फुलून मोकळा. माझ्या माश्यांनी काय खायचं? फिलोमेना घे. तीन आठवडे फुलते."

"तुझ्या माश्या मला उतारा देणार आहेत का?"

"दर नाताळला मधाची बरणी कोण नेतं?"

मी ती पिशवीही घेतली. नंतर पाद्रीबाबा भेटले. त्यांना असं वाण हवं होतं जे मुलांच्या दीक्षेच्या रविवारी ऐन फुलात असेल, म्हणजे फोटो चर्चच्या भिंतीऐवजी शेतापुढे काढता येतील. त्यांनी चक्क बी आणून दिलं. कुठून, ते मी विचारलं नाही. विक्रेत्याने ग्लोरिओसा दिलं आणि मी स्वतः दोन घेतली, केवळ नावं आवडली म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथेच सांगते आहे. एकाच वाणावर सगळं पणाला लावायचं म्हणजे एकाला हो आणि तिघांना नाही म्हणायचं, आणि मला या गावात अजून काही वर्षं राहायचं होतं. शिवाय खरं सांगायचं तर माझं स्वतःचं चाचणी-शेत, पाट्यांसकट, या कल्पनेने मला झोप येत नव्हती.

पेरणीच्या आदल्या दिवशी विब्केने माझ्या टेबलावर एक छोटी पिशवी ठेवली.

"आई, हेही घ्या. तीन वर्षं सगळ्या चाचण्यांत वर आहे. रोग कमी, शेंगा तडकत नाहीत. ह्यांना सांगितलं, पण फोटो नाही म्हणून त्यांनी पाहिलंच नाही."

"नाव काय?"

तिने पिशवी माझ्यापुढे सरकवली. "हेल्गा."

मी पिशवी तिच्याकडे परत सरकवली.

"बी बघा ना, आई. नावाचं काय घेऊन बसलात?"

"सत्तावीस वर्षं मी तेच घेऊन बसले होते."

पण सुनेने आणलेली पिशवी परत करणं बरं दिसत नाही, आणि मला सासूसारखी सासू व्हायचं नव्हतं. मी तोड काढली. माझं शेत एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला रस्ता असं आहे. सात पट्टे रस्त्याला समांतर पेरायचे आणि हेल्गाला मधोमध टाकायचं. रस्त्याकडून तीन उंच पट्टे आड, घराकडून तीन उंच पट्टे आड. ती मला खिडकीतून दिसणार नाही आणि मी तिला.

पेरणी ऑगस्टच्या चोवीस तारखेला झाली. प्रत्येक वाणानंतर पेरणीयंत्र झाडून काढावं लागे. चौथ्या वेळेला हेनिंग म्हणाला, "आई, तू हरलीस ना की मी हे यंत्र तुझ्या अंगणात स्मारक म्हणून उभं करणार आहे." मी थर्मासमधली कॉफी पीत बांधावर बसले होते. वहीत नीट लिहून घेतलं: अलीकडून पलीकडे, पट्टा एक ते सात, आणि प्रत्येकापुढे नाव. लाकडी पाट्या मी निळ्या रंगवल्या होत्या, त्यावर पांढरी अक्षरं. सात पाट्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा मी रस्त्यावर जाऊन, परक्या माणसासारखी, तीनदा बघून आले.

हिवाळा तसा बरा गेला. कबुतरांनी सहा पट्टे सोडून एकाच पट्ट्यावर डल्ला मारला, म्हणून मी ह्यांचा जुना ओव्हरकोट आणि टोपी एका काठीवर चढवून शेतात उभी केली. कबुतरं दुसऱ्या दिवशी टोपीवर बसली. पाद्रीणबाईंनी मात्र त्या कोटाला दोनदा मोइन म्हटलं, उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेतलं आणि टेल्झेकडे कोण उद्धट पाहुणा आलाय म्हणून गावात चौकशी केली.

खरा घोटाळा ईस्टरला झाला. मार्चअखेर हेनिंग म्हणाला, फवारणीच्या दांड्याला तुझ्या पाट्या अडकतात, काढ. मी सातही काढल्या, क्रमाने एकावर एक रचून फाटकाशी ठेवल्या. अक्षरं पावसाने उडाली होती, ईस्टरनंतर पुन्हा रंगवू म्हटलं. आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे होळी पेटवतात, हे मी जन्मभर पाहत आले असूनही विसरले. त्या आठवड्यात अग्निशमन मंडळ ट्रेलर घेऊन दारोदार फिरतं आणि फाटकाशी ठेवलेलं लाकूड गोळा करतं. फाटकाशी ठेवलं म्हणजे द्यायला ठेवलं, असा साधा नियम आहे.

संध्याकाळी सगळं गाव माळावर जमलं. ऊन अजून होतं. माझ्या हातात सॉसेज, मोहरी लावलेलं. ज्वाळा वर गेल्या आणि ढिगाच्या मध्यावर मला निळा रंग दिसला. "ग्लोरि" एवढंच वाचता आलं, मग तेही वाचता येईना.

"देतलेफ," मी म्हटलं, "माझ्या फाटकाशी ठेवलेल्या पाट्या कुणी आणल्या?"

"मीच. उत्तम कोरडं लाकूड. म्हटलं, टेल्झे दरवर्षी जुनी खुर्ची देते, यंदा हात सैल सोडलाय." त्याने बिअरची बाटली माझ्या दिशेने वर केली. "मंडळातर्फे आभार."

मी सॉसेज संपवलं. वाया घालवणं मला जमत नाही. मग घरी येऊन वही उघडली, कारण वही होती. वहीत सगळं होतं. अलीकडून पलीकडे, एक ते सात, पहिला काप्टेन, सातवी फिलोमेना. फक्त मी लिहिताना बसले कुठे होते, घराच्या बांधावर की रस्त्याच्या, ते लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला आपण अलीकडेच आहोत असं वाटत असतं.

मेमध्ये शेत फुललं. चार पट्टे पिवळे, दोन हिरवे आणि एक पाद्रीबाबांच्या इच्छेविरुद्ध दीक्षेच्या आठवडाभर आधीच फुलून गेलेला. त्याच सुमाराला शेती कार्यालयातून पत्र आलं. आता आमची शेतं उपग्रह बघतो, आणि उपग्रहाला माझ्या तीन हेक्टरांत अनेक पिकं दिसत होती, अर्जात मात्र एकच लिहिलं होतं. मी फोन केला.

"एकच पीक आहे, बाई. सात वाणं आहेत."

"ठीक आहे. मग प्रत्येक पट्ट्याचा फोटो आणि वाणाचं नाव कळवा."

"नावं जळाली."

"सगळी?"

"सगळी. ईस्टरला."

त्या बाईंनी फार सभ्यपणे विचारलं की घरात दुसरं कुणी आहे का, ज्याच्याशी बोलता येईल. मी विब्केला फोन दिला. तिने पाच मिनिटांत प्रकरण मिटवलं. कार्यालयाला वाणांची नावं लागतच नव्हती, फोटो पुरेसे होते. फोटो मीच काढले. सातपैकी तिनांत माझा अंगठा आहे, पण राप्सही आहे.

नावांचा शोध मग गावाने हाती घेतला. रस्त्याकडचा पहिला पट्टा पुरुषभर उंच, हिरवागार, बघत राहावं असा झाला होता. घराकडचा जूनच्या वादळात चटईसारखा आडवा झाला.

"तू रस्त्याकडेच बसली होतीस," देतलेफ म्हणाला. "मी सायकलवरून जाताना तुला हात केला होता. म्हणजे रस्त्याकडचा पहिला, तो माझा काप्टेन."

"ती घराकडे बसली होती," इर्मगार्ड म्हणाली. "मी कुंपणावरून केक दिला तिला. आलुबुखाऱ्याचा. म्हणजे तो लोळलेला तुझा काप्टेन, आणि रस्त्याकडची माझी फिलोमेना."

"कुठला केक? ऑगस्टच्या चोवीसला तू तुझ्या बहिणीकडे कीलला होतीस."

"माझी बहीण कीलला राहतच नाही."

दोघं जूनभर एकमेकांशी बोलली नाहीत, आणि मला भेटली की दोघंही साक्षीदार घेऊन येत. मला केकही आठवत होता आणि सायकलही. वयाचा हा एक फायदा आहे, सगळं आठवतं. कोणत्या वर्षीचं ते विचारू नये.

माझी अडचण त्याहून मोठी होती. समजा मी पैज जिंकले, तर साठ हेक्टरांसाठी नाव काय सांगणार? वहीतलं वाचलं तर अर्धी शक्यता अशी की चटई पेरायची. हेनिंग अंगणातून जाताना एकाच बाजूने हसे. त्याने नोटरीकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली वेळ आधीच घेऊन ठेवली होती, कलम खोडण्यासाठी.

जुलैच्या शेवटी कापणी झाली. कापणीयंत्रात मी हेनिंगच्या बाजूच्या छोट्या सीटवर बसले. समोरच्या पडद्यावर हेक्टरी किती टन ते आकडे उमटत जातात. त्याच्या राप्सचा उतारा तीन पूर्णांक नऊ आला होता. माझा रस्त्याकडचा तो देखणा पहिला पट्टा फक्त तीन पूर्णांक आठ निघाला. सगळी ताकद खोडात गेली होती. पुढचे दोन चारच्या आसपास. मग मधला पट्टा सुरू झाला. बुटका, एकसारखा, कुणाच्या नजरेत न भरलेला. आकडा चढत गेला. चार पूर्णांक चार. चार पूर्णांक सहा. हेनिंगने बोटाने पडदा टिचकावला. चार पूर्णांक आठवर तो स्थिरावला आणि शेवटपर्यंत हलला नाही. पुढच्या तीन पट्ट्यांनी बरंच घालवलं, चटईने तर फारच, पण सातांची सरासरी तीन पूर्णांक सत्त्याण्णव.

हेनिंगने यंत्र बंद केलं. "हरलो," तो म्हणाला. आमच्याकडचे पुरुष याहून लांब भाषण करत नाहीत. "बोल, साठ हेक्टरांत कोणतं?"

मी खाली उतरेपर्यंत वेळ काढला. फाटकाशी विब्के कॉफी घेऊन आली होती. देतलेफ आणि इर्मगार्डही होते, दोघं दोन खांबांना धरून.

"चौथं," मी म्हटलं.

"अलीकडून की पलीकडून?" देतलेफने विचारलं.

ते मी मोठ्याने सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं. सातांतला चौथा. रस्त्याकडून मोजा, घराकडून मोजा, वही उलटी धरा. ज्या एका पाटीची मला गरज नव्हती ती हीच. आणि तिला मीच तिथे लपवलं होतं.

"कुठूनही," मी म्हटलं. "हेल्गा."

देतलेफने टोपी काढली. माझ्या सासूबाईंना तो ओळखत होता.

विब्के कॉफी ओतत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी तिला बाजूला घेतलं.

"तुला ठाऊक होतं."

"ईस्टरलाच. मधला कुठूनही मधलाच."

"मग दोन महिने ही दोघं केकवरून भांडतायत, मी झोपत नाही, आणि तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आई."

तिने हे सहज म्हटलं. अठ्ठ्याहत्तरच्या बर्फाची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. मी कॉफीचा कप तिच्याच हातात परत दिला आणि घरी जाऊन बसले. त्या दिवशी सूपही केलं नाही.

नोटरीची वेळ रद्द केली तर पुढची नाताळानंतर मिळाली असती, म्हणून आम्ही तिघं गेलो. आमच्याकडे नोटरीला सगळा दस्त मोठ्याने वाचावा लागतो, एकही शब्द न गाळता. ते गृहस्थ वाचत वाचत अंड्यांवरून बटाट्यांवर, बटाट्यांवरून चर्चच्या गाडीवर आले. "कलम सात," ते म्हणाले, "हे रद्द करायचं होतं ना?"

"रद्द नाही, बदलायचं," मी म्हटलं. "लिहा. राप्सचं वाण कोणतं पेरायचं हे यापुढे माझी सून विब्के ठरवील. तीन हेक्टर नाही, सगळ्या शेतावर. मी जिवंत असताना आणि नंतरही."

विब्केने माझ्याकडे पाहिलं आणि मग फार वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि मी?" हेनिंग म्हणाला.

"तू पेर."

तो जरा कुरकुरला, पैज आठवली आणि त्याने सही केली. नोटरींनी विचारलं आणखी काही आहे का. मी म्हटलं, आठवं कलम आहे: शेतातल्या पाट्या लोखंडाच्या असाव्यात. त्यांनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं आणि गंभीरपणे वाचून दाखवलं.

पेरणी झाली. माझ्या तीन हेक्टरांत यंदा गहू आहे. पण त्यापलीकडे, रस्त्याच्या पल्याड, साठ हेक्टर राप्स उगवलंय, एकाच उंचीचं, रोखठोक. कोपऱ्यावर लोखंडी पाटी आहे, निळी, हातभर पांढऱ्या अक्षरांची. विब्केने ती स्वतः रंगवली आणि रस्त्यावरून येणाऱ्यांकडे तोंड करून न रोवता माझ्या खिडकीकडे तोंड करून रोवली. सकाळी कॉफी घेऊन बसले की सासूबाईंचं नाव समोर.

पहिल्या दिवशी मी पडदा ओढला. दुसऱ्या दिवशी अर्धा उघडला. आता ओढत नाही. साठ हेक्टर सासू एका पडद्याआड मावत नाही. मी कप उचलते, मोइन म्हणते आणि तिला कालच्या थंडीने पानं कुठे लाल पडलीत का ते विचारते.